मे महिन्यात घरकुल का तापतं? उत्तर धुऱ्यावरच्या वारुळात

आमगाव : मे महिन्यातील दुपार. पारा ४४-४५ अंशांच्या घरात. अशा वेळी तालुक्यातील कोणत्याही गावात एक फेरी मारली तर एक चित्र हमखास दिसते. नवे घरकुल बांधून तयार आहे, दाराला रंग लागला आहे, भिंतीवर योजनेचे नाव आहे. आणि घरातली म्हातारी माणसं मात्र शेजारच्या जुन्या मातीच्या घराच्या छपरीत खाट टाकून पडलेली आहेत. विचारलं तर उत्तर सरळ मिळतं, "स्लॅबखाली जीव घाबरा होतो."

घरकुल पक्के आहे. पावसात गळत नाही, भिंत खचत नाही, साप-विंचवाची भीती कमी झाली. याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती उकाड्याची. ज्यांच्याकडे जुने घर शिल्लक आहे त्यांचं निभावून जातं. पण जागाच कमी म्हणून ज्यांनी जुने घर पाडून त्याच जागेवर घरकुल उभे केले, त्यांना दुपारी जायला छपरीही उरली नाही. लहान लेकरू, बाळंतीण, दम्याचा पेशंट घरात असेल तर हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. उष्माघात घरात बसलेल्या माणसालाही होतो.

त्याच दुपारी गावाबाहेर, धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये, धुऱ्यावर एक इमारत उभी असते. तिला ना सिमेंट, ना लोहा, ना कुलर. आत लाखो जीव राहतात आणि त्यांचा श्वास कोंडत नाही. ती इमारत म्हणजे वारूळ.

शेतकऱ्याच्या नजरेत वारूळ म्हणजे नागाचं घर. नागपंचमीला तिथं लाह्या-दूध ठेवलं जातं. खरं पाहिलं तर नाग हा नंतर आलेला भाडेकरू आहे. घर बांधते ती उधई, म्हणजे वाळवी. जी उधई आपल्या घराचे मयाल आणि दाराच्या चौकटी पोखरते तीच. पण या किड्याच्या बांधकामाकडे गेली तीसेक वर्षे जगभरातले वास्तुविशारद आणि शास्त्रज्ञ वाकून पाहत आहेत. निसर्गात एखादं काम कसं होतं ते पाहायचं आणि त्याच तत्त्वावर घर किंवा इमारत आखायची, अशी ही पद्धत आहे. ऐकायला शहरी वाटते. पण तिचा खरा उपयोग गावातल्या दोन खोल्यांच्या घराला जास्त आहे.

वारुळाच्या आत काय चालतं?

आपल्या भागात दिसणारी उंच, कंगोरे असलेली वारुळे बांधणारी वाळवी बहुतेक वेळा ओडोंटोटर्मिस या जातीची असते. ती नुसतं लाकूड खाऊन थांबत नाही, जमिनीखाली बुरशीची शेती करते. वाळलेला पालापाचोळा, काड्या चावून आणायच्या, त्याचा मऊ थर रचायचा आणि त्यावर बुरशी वाढवायची. पावसाळ्यात वारुळाच्या आजूबाजूला ज्या सात्या उगवतात आणि बाजारात चढ्या भावाने विकल्या जातात, त्या याच बुरशीच्या छत्र्या.

आता लाखो किडे आणि एवढी बुरशी एका बंद जागेत असली म्हणजे काय होणार? उष्णता तयार होणार आणि हवा खराब होणार. लग्नघरच्या बंद खोलीत पन्नास माणसं झोपली की पहाटे जसं होतं, तसं. वाळवी राहते ती मुख्यतः जमिनीलगत आणि जमिनीच्या खाली. वर दिसणारा तो उंच मातीचा ढिगारा बराचसा रिकामा असतो. त्यात मधोमध एक पोकळ नळी आणि बाहेरच्या कंगोऱ्यांमध्ये बारीक पोकळ्या असतात. म्हणजे खाली घर आणि वर फुप्फुस.

हे फुप्फुस चालतं कसं, याचा अभ्यास आपल्याच देशात, बेंगळुरूमध्ये झाला. हार्वर्ड विद्यापीठातील एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडोंटोटर्मिस ओबेसस या वाळवीच्या वारुळात हवेचा वेग मोजला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा सूर्य तापला की बाहेरचे पातळ कंगोरे लवकर गरम होतात. त्यांच्यातली हवा वर चढते आणि मधल्या नळीतून खाली उतरते. रात्री कंगोरे लवकर थंड होतात, मधला भाग मात्र उबदार राहतो. मग हवेचा फेरा उलटा फिरतो, मधून वर आणि कडेने खाली. वारुळाला वरून मोठं भोक दिसत नाही, पण त्याची माती सच्छिद्र असते. त्या बारीक छिद्रांतून आतली खराब हवा बाहेर जाते आणि ताजी आत येते. पंखा नाही, मोटार नाही. दिवस आणि रात्रीच्या तापमानातल्या फरकावर सगळं काम चालतं.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. वारूळ म्हणजे एसी, आत कायम थंडगार, असं अनेक व्हिडिओंत सांगितलं जातं. तसं नाही. आतलं तापमान फार वरखाली होत नाही त्याचं मोठं कारण म्हणजे घरटं जमिनीत आहे आणि माती जाड आहे. वरच्या ढिगाऱ्याचं मुख्य काम हवा बदलण्याचं. जाड माती एकीकडे, हवेची वाट दुसरीकडे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ध्यानात ठेवल्या तर पुढचं सगळं सोपं होतं.

आफ्रिकेतली इमारत

वारुळावरून प्रेरणा घेऊन बांधलेली सर्वात गाजलेली इमारत झिंबाब्वे देशाच्या राजधानीत, हरारेमध्ये आहे. ईस्टगेट सेंटर तिचे नाव. मिक पियर्स या वास्तुविशारदाने ती आखली आणि १९९६ मध्ये ती पूर्ण झाली. दुकाने आणि कार्यालये असलेली ही मोठी इमारत नेहमीच्या एसी यंत्रणेशिवाय चालते. रात्रीची थंड हवा पंख्यांनी ओढून पोकळ मजल्यांमधून फिरवली जाते, त्यामुळे जाड काँक्रीट आणि विटा रातोरात थंड होतात. दिवसा हेच थंड काँक्रीट खोल्यांतली उष्णता शोषून घेते आणि गरम झालेली हवा छतावरच्या धुराड्यांतून निघून जाते. मालकाचा एसी बसवण्याचा मोठा खर्च वाचला.

गंमत म्हणजे पियर्स यांनी वारुळाबद्दल जे गृहीत धरलं होतं, त्यातला काही भाग पुढच्या संशोधनात बरोबर निघाला नाही. वारुळात हवा धुराड्यासारखी सरळ वर जात नाही, हे नंतर कळलं. पण इमारत चालते, कारण जाड वस्तुमान आणि हवेची वाट ही दोन्ही तत्त्वं खरी आहेत.

मग हरारेची नक्कल आमगावात चालेल का? जशीच्या तशी नाही. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, तिथल्या रात्री थंड असतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा फारसा उतरत नाही. रात्रीची हवाच गरम असेल तर भिंत थंड होणार कशाने? एका जागचा आराखडा उचलून दुसऱ्या जागी ठेवला की अशी फसगत होते. शहरातल्या काचेच्या इमारती पाहून गावातल्या घराला काचेच्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला लावणाऱ्यांची होते तशीच.

कचारगडचा गारवा आणि मातीची भिंत

आपल्या भागातलं उदाहरण हवं असेल तर शेजारच्या सालेकसा तालुक्यात जावं लागेल. दरेकसाजवळची कचारगडची गुहा सर्वांना ठाऊक आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून आदिवासी बांधव तिथे येतात. उन्हात डोंगर चढून गुहेच्या तोंडाशी पोहोचलं की अंगावर गारवा येतो. तो गारवा येतो दगडाच्या जाडीतून. एवढा जाड डोंगर एका दुपारच्या उन्हाने तापत नाही. दिवसाची उष्णता खोलवर पोहोचण्याआधी रात्र होते, उन्हाळ्याची पोहोचण्याआधी पावसाळा येतो. म्हणून खोल गुहेतलं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं.

झाडीपट्टीतलं जुनं मातीचं घर याच तत्त्वाचं. दीड-दोन फूट रुंदीची मातीची भिंत. दुपारचं ऊन बाहेरून लागतं, पण ते आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत सूर्य मावळून गेलेला असतो. वर कवेलू. देशी कवेलू एकमेकांवर नुसते ठेवलेले असतात, मधल्या फटींतून चुलीचा धूर आणि गरम हवा निघून जाते. वारुळाच्या सच्छिद्र मातीचं जे काम, तेच या फटींचं. कवेलूच्या खाली बांबूचा माळा. त्यावर धान, कांदे, लसूण ठेवायचे. म्हणजे छप्पर आणि माणूस यांच्यात आणखी एक थर. पुढे छपरी, तिच्यामुळे मुख्य भिंतीवर ऊन पडतच नाही. ज्या आजोबांनी हे घर बांधलं त्यांनी कोणतं पुस्तक वाचलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या पाहून, चुकून, पुन्हा बांधून हे शहाणपण आलं.

मात्र मातीच्या घराचे गोडवे गाताना एक बाजू विसरता कामा नये. दरवर्षी पावसाळ्यात भिंती पडतात, कधी माणसं दगावतात. सारवण आणि पोतारा कोणाच्या हातानं होतो? घरच्या बाईच्याच. माकडं एका उडीत वीस कवेलू फोडतात. दर वर्षी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, आणि कवेलू घडवणारे हातही आता फार राहिले नाहीत. लाकडाला उधई लागते ती वेगळीच. लोकांनी टिन आणि स्लॅबकडे धाव घेतली ती काही हौस म्हणून नाही. "जुनं ते सोनं" म्हणत पुन्हा मातीत राहा, असा सल्ला गावाला देणाऱ्यानं आधी एक पावसाळा तसल्या घरात काढून पाहावा.

प्रश्न असा आहे की पक्कं घर बांधताना जुन्या घरातला गारवा सोबत नेता येतो का?

वर्ध्यात झालेले प्रयोग

याचा विचार विदर्भातच बऱ्याच आधी सुरू झाला. १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. तिथली बापू कुटी आजही पाहता येते. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, रुंद ओसरी. भर उन्हाळ्यात तिथे गेलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लॉरी बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि पुढे केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद. तरुणपणी मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. घर बांधण्याचं सगळं साहित्य पाच मैलांच्या परिसरातलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं आपल्या मनात ठसलं, असं ते सांगत. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बेकर यांनी भारतात रुजवलेली विटांची एक पद्धत गावच्या घराला कामाची आहे. विटा आडव्या न ठेवता उभ्या धारेवर लावायच्या, म्हणजे भिंतीच्या मधोमध पोकळी राहते. उंदराच्या पिंजऱ्यासारखी रचना म्हणून तिचं नावही तसंच पडलं, 'रॅट ट्रॅप' बांधणी. भिंत तेवढीच जाड दिसते, पण विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि मधली कोंडलेली हवा बाहेरची उष्णता सहज आत येऊ देत नाही. पक्ष्याच्या पिसांत, जनावराच्या केसांत हवा अडकून राहते आणि थंडी-ऊन अडवते, तोच प्रकार.

अडचण एकच. यासाठी विटा एकसारख्या मापाच्या लागतात आणि मिस्त्रीला ही बांधणी यावी लागते. आपल्याकडच्या भट्टीतल्या विटा वाकड्या-तिकड्या निघतात आणि मिस्त्री म्हणतो, "असं कुठं बांधतात का?" शिकवणारा कोणी असेल तर एका दिवसात जमणारं काम आहे.

वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आणखी एक वाट दाखवली. कुंभाराने चाकावर घडवलेले, एका टोकाला निमुळते असे मातीचे पोकळ नळकांडे एकमेकांत बसवत जायचे आणि त्यांची कमान उभी करायची. अशा कमानी शेजारी शेजारी रचल्या की लाकूड आणि लोहा न वापरता छप्पर तयार होतं. कमानीला बळ येतं ते तिच्या वळणामुळे. कोंबडीचं अंडं दोन टोकांकडून तळहातात धरून दाबून पाहा, एवढं पातळ कवच पण सहज फुटत नाही, कारण दाब एका जागी न राहता वळणावरून सगळीकडे वाटला जातो. वर पोकळ मातीचा थर असल्याने ऊनही लवकर आत उतरत नाही. कुंभाराच्या चाकाला काम मिळतं तो फायदा वेगळा.

सारस आणि सुगरण

गोंदिया जिल्ह्याची ओळख म्हणजे सारस. हा पक्षी घरटं बांधतो ते पाणथळ जागेत, कधी तळ्यात तर कधी भरल्या धानाच्या बांधीत. पण अंडी पाण्याला लागू देत नाही. आजूबाजूचं गवत, लव्हाळे, धानाची रोपं ओढून मोठा ढीग रचतो आणि पाण्याच्या वर राहील एवढी उंची करतो. वाघ नदीच्या काठच्या गावांत ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं आहे, त्यांना जोत्याच्या उंचीचं महत्त्व सांगायला नको. तरीही पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री जोत्यालाच लागते. पुराच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं हे गावातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. त्या खुणेच्या वर जोतं न्यावं, एवढं सारसाकडून घेतलं तरी पुष्कळ.

सुगरणीचे खोपे विहिरीवरच्या बाभळीला किंवा शिंदीला लटकलेले सर्वांनी पाहिले आहेत. नीट पाहिलं तर बऱ्याच वेळा ते झाडाच्या पूर्वेकडच्या बाजूला असतात. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. झाडाचाच आडोसा घेऊन सुगरण वादळ-पावसाचा मारा चुकवते, असं पक्षी अभ्यासकांचं म्हणणं आहे. माणूस मात्र रस्ता जिकडे तिकडे दार करतो, मग ते पश्चिमेला का येईना. दुपारी तीन ते सहाचं ऊन थेट घरात. रस्ता बदलता येत नाही हे खरं. पण पश्चिमेच्या दारापुढे छपरी काढता येते, सांदवाडीत पश्चिमेच्या बाजूला कडुनिंब किंवा शेवगा लावता येतो.

झाडाच्या सावलीचा आणि टिनाच्या सावलीचा फरक गुराख्यालाही कळतो. टिन स्वतः तापतं आणि खालच्या माणसावर ती आच टाकतं. झाडाचं पान मुळातून आलेलं पाणी वाफेच्या रूपात सोडत राहतं, त्यामुळे ते तेवढं तापत नाही. लग्नात हिरव्या डहाळ्यांचा मांडव घालायची रीत आहे ना, त्याच्याखाली बसून पाहिलं की कापडी मंडपाशी तुलना आपोआप होते.

आकाराची नक्कल आणि कामाची नक्कल

निसर्गापासून प्रेरणा म्हटलं की बहुतेकांना आकार आठवतो. दिल्लीचं लोटस टेंपल कमळासारखं दिसतं. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या या बहाई उपासना मंदिराला पांढऱ्या संगमरवराने मढवलेल्या २७ पाकळ्या आहेत, वास्तुविशारद फरीबुर्झ साहबा. आपल्याच राज्यात वेरूळचं कैलास लेणं आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजांच्या काळात एका अख्ख्या डोंगरातून, वरून खाली कोरत आणलेलं, कैलास पर्वताची आठवण करून देणारं. दोन्ही पाहण्यासारखी आहेत, वादच नाही. लोटस टेंपलभोवती नऊ तलावही आहेत, पाण्यावरून आत येणारी हवा थोडी थंड होऊन येते. म्हणजे तिथे कमळाच्या दिसण्यासोबत थोडं कामही घेतलं आहे.

पण आकाराची नक्कल स्वस्तात केली की काय होतं, ते बागांमधल्या सिमेंटच्या बाकांवर दिसतं. झाडाच्या बुंध्यासारखा आकार, तपकिरी रंग, साल कोरलेली. आणि उन्हात इतका तापलेला की बसता येत नाही. शेजारी खरं झाड असतं, लोक त्याच्या मुळावर बसतात. घराच्या दर्शनी भागावर सिमेंटचा मोर किंवा कमळ काढायला हौशी माणूस पाच-दहा हजार सहज घालवतो. तेवढ्या पैशात वरच्या झरोक्यांच्या जाळ्या आणि पश्चिमेची छपरी होऊ शकते.

घरकुल बांधताना काय करता येईल?

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी मूळ मदत मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी, दुर्गम व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार रुपये अशी ठरलेली आहे. रोजगार हमीतून मिळणारी मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं. एवढ्या पैशात काय काय करणार, असा प्रश्न कोणीही विचारेल आणि तो रास्त आहे. पण या योजनेत घर ठेकेदाराने नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. खिडकी कुठे, झरोका कुठे, छपरी किती, हे ठरवणं त्याच्याच हातात आहे. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने तर राज्याराज्यांच्या हवामानानुसार घरांचे नमुने दाखवणारं 'पहल' नावाचं पुस्तकच काढलं आहे. प्रकृती, हुनर, लोकविद्या यांवरून ते नाव. गावात मात्र मिस्त्री मागच्या घराचाच नकाशा पुढच्या घराला लावतो.

पहिली गोष्ट हवेच्या वाटेची. गरम हवा वर चढते आणि स्लॅबखाली साचते. खिडकीचा वरचा काठ स्लॅबपासून दोन-तीन फूट खाली असतो, त्यामुळे ती हवा तिथेच अडकून राहते. समोरासमोरच्या दोन भिंतींत, स्लॅबच्या लगेच खाली एक-दोन विटांएवढे झरोके ठेवले तर तिला बाहेर जायला वाट मिळते. बारीक जाळी लावली की डास आणि पाल आत येत नाही, वर छोटा छज्जा काढला की पाऊस नाही. बांधताना ठेवले तर यांचा खर्च जवळपास शून्य. नंतर भिंत फोडून करायचे तर दुप्पट त्रास.

खालच्या खिडक्यांचं मात्र वारुळासारखं दिवस-रात्रीचं वेळापत्रक आहे. भर दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते, तेव्हा खिडक्या उघड्या टाकणं म्हणजे झळा घरात बोलावणं. सकाळी नऊ-दहाला बंद कराव्यात, संध्याकाळी बाहेर थोडं थंड झालं की उघडाव्यात. वरचे झरोके कायम उघडे.

कुलरचंही तेच. अनेक घरांत कुलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करतात. थोडा वेळ बरं वाटतं, मग अंग चिपचिप होतं आणि कुलर निकामी वाटू लागतो. कुलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. आतली हवा बाहेर गेली नाही तर ओल साचतच जाणार. कुलरच्या समोरच्या बाजूचा झरोका किंवा खिडकीची एक फट उघडी असली तरच तो काम करतो.

दुसरी गोष्ट छताची. घरातली सर्वात मोठी उष्णता वरून येते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ते खाली सोडत राहतो. म्हणूनच रात्री नऊ-दहाला घरात दुपारपेक्षा जास्त कोंडल्यासारखं होतं. स्लॅबला उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याचे दोन-तीन हात मारले तर पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरणच जाहीर केलं. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. पण घरच्या माणसाला एका सकाळी जमणारं काम आहे. टिनाच्या छतालाही पांढरा रंग चालतो. टिनाखाली हातभर जागा सोडून बांबूचा तट्टा बसवला तर जुन्या माळ्याचंच काम होतं, फक्त त्या पोकळीतली हवा निघून जायला दोन्ही टोकं उघडी ठेवावीत. गारव्यासाठी टिनावर तणीस टाकण्याचा मोह टाळावा, एका ठिणगीत घर जातं.

स्लॅबच्या खालच्या भागात कवेलू घालून काँक्रीट वाचवायची बेकर यांची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात कवेलूच्या पोकळीत हवा राहते आणि खालून छतही छान दिसतं. पण लोह्याचं अंतर आणि जाडी चुकली तर जीवाशी खेळ. पंचायत समितीच्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय हा प्रयोग कोणी करू नये.

तिसरी गोष्ट जुन्या घराची. जागा असेल तर ते पूर्ण पाडण्याची घाई करू नये. ज्या भिंती धडधाकट आहेत त्यांची निदान एक खोली आणि छपरी राखता येते का, हे अनुभवी मिस्त्रीकडून तपासून घ्यावं. भिंतीला उभी भेग गेली असेल, पायथा पावसाने खाल्ला असेल तर मात्र माया न करता पाडलेली बरी. पाडलेल्या घराचे चांगले कवेलू फेकू नयेत, नव्या घराच्या छपरीवर ते चालतात आणि टिनापेक्षा कितीतरी कमी तापतात.

हे सगळं करायचं तर वेळ ठरलेली आहे. घरकुलाचे फोटो टप्प्याटप्प्याने काढले जातात आणि त्यानुसार हप्ते येतात. जोत्याची उंची आणि पश्चिमेच्या छपरीचे खड्डे पाया खोदतानाच ठरवावे लागतात. झरोके भिंत दाराच्या वर जाण्याआधी मिस्त्रीला खडूने खूण करून दाखवावे लागतात, कारण एकदा स्लॅब पडला की तो ऐकत नाही. चुना पहिल्या उन्हाळ्याआधी, फाल्गुनात. आणि कडुनिंबाचं रोप तर पाया खोदण्याच्याही आधी, पावसाळ्यातच लावलेलं बरं. घर सहा महिन्यांत उभं राहतं, झाडाला सावली द्यायला चार-पाच वर्षं लागतात.